नापास कौलं

गेल्या महिन्यात बंगळूरजवळच्या होसकोट्याला, चिक्कप्पांच्या गच्चीवर, ठेकेदारानं तीन नमुने ओळीनं मांडून ठेवले होते. निळ्या पत्र्याचा एक तुकडा. एक डबा, त्यातली पांढरी लापशी गच्चीभर फासली की पाण्याची भीती नाही म्हणे. आणि एक नवं कोरं मंगळुरी कौल. ठेकेदार तरुण होता, गोड बोलायचा, आणि त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'गॅरंटी' यायची. दर गॅरंटीला माझा त्याच्यावरचा विश्वास थोडा कमी होत होता. मी संशयी बाई आहे. भाजीवाल्यानं आपणहून चार मिरच्या जास्त टाकल्या तर मी आधी खालचे टोमॅटो उलटून बघते.

चिक्कप्पा म्हणजे माझे धाकटे काका. आम्ही मराठी, पण आमच्या घराण्याला या मुलखात येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की काकाला चिक्कप्पा आणि काकूला चिक्कम्मा म्हणणं आम्हाला मराठीच वाटतं. त्यांच्या घरावरचा सिमेंटचा स्लॅब आता गळायला लागलाय. त्यावर पत्रा घालायचा, लापशी फासायची की कौलारू छप्पर चढवायचं हे ठरवायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. "तू अण्णाची लेक," ते म्हणाले. "तू एकदा बघ, मग काय ते ठरवू."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे अप्पा. अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली.

मी वाकून कौल उचललं, कानाशी धरलं आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. ठेकेदाराला हसू आलं. चिक्कप्पा हसले नाहीत. ते कठड्याकडे वळून रस्त्याकडे बघत राहिले, आणि मी मात्र ते कौल हातात घेऊन सरळ मागे गेले, बंगळूरचं बेंगळुरू व्हायच्या आधीच्या वर्षांत, शिवाजीनगरच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या बुटक्या, लांबट घरात.

आजोबांनी बांधलेलं ते घर दोघा भावांच्या नावावर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या दोन खोल्यांत चिक्कप्पा आणि चिक्कम्मा, आणि मधे दोघांचं मिळून एकच स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. चौकोन पाट्यावर आला की भात उतरवायचा, घागरीपाशी गेला की अंगणातले कपडे आत आणायचे. आईला आणि चिक्कम्माला घड्याळ लागत नसे. त्या उन्हात धूळ तरंगायची, फोडणीचा धूर निळा होऊन वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. संध्याकाळी त्याच फटींतून बाजार आत यायचा: भाजलेल्या मांसाचा वास, अत्तराचा वास, बसचा धूर, आणि मशिदीची अजान संपता संपता देवळातली घंटा. पावसात घराचा आवाज बदलायचा. चिंचेच्या झाडाखाली कौलांवर टपोरे थेंब पडायचे आणि अंगणाकडच्या उतारावर बारीक सरसर, त्यामुळे डोळे मिटून पडलं तरी आपण कुठल्या खोलीत आहोत ते कळायचं. स्लॅबच्या घरात पाऊस पडतो हे बाहेर बघूनच समजतं.

वाशांना वाळवी लागली होती. पांघरुणावर सकाळी बारीक पिवळा भुसा पडलेला असायचा, आणि चिक्कम्मा तो झटकताना दर वेळी वर बघायची. छप्पर बदलायला हवं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. कशानं बदलायचं, यावरून मात्र घरात ठिणगी पडली.

त्या वर्षांत गल्लीतली घरं एकेक करून 'मोल्ड' होत होती. स्लॅबच्या घराला आमच्याकडे मोल्डचं घर म्हणतात. सकाळी मिक्सरचा घरघराट सुरू व्हायचा, बायका रांगेनं घमेली वर चढवायच्या, आणि दुपारी त्या घरात कामगारांना गोडाचं जेवण असायचं. चिक्कप्पांनाही मोल्ड हवा होता. अप्पांना कौलंच हवी होती. शेजारी सिमेंटच्या शीटबद्दल सुचवून गेले, तेव्हा अप्पा म्हणाले, त्याच्याखाली माणूस पापडासारखा भाजतो. मोल्डबद्दल म्हणाले, सिमेंटात राख मिसळतात. पण ही सगळी वरवरची कारणं होती. खरं कारण ते आईला सांगायचे आणि मी दाराआडून ऐकायचे. मोल्ड टाकला की वर खोली येणार. खोलीला जिना, जिन्याला वेगळं दार, आणि वेगळ्या दाराला वेगळी चूल. चिक्कप्पांना मूलबाळ नव्हतं, मग वरच्या खोलीत येणार कोण? चिक्कम्माचे बेळगावचे भाऊ. कौलांवर कुणी मजला चढवू शकत नाही, म्हणून अप्पांना कौलं. दोघे भाऊ एका चुलीवर जेवत राहतील की नाही, एवढा एकच प्रश्न होता. छप्पर हे त्याचं निमित्त.

अप्पांचा संशयी स्वभाव त्यांच्या नोकरीतच मुरलेला होता. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात ते माल तपासायचे. दिवसभर दातेरी चाकं हातात घ्यायची, मापून बघायची, ठोकून बघायची, आणि पास किंवा नापास ठरवायचं. नापास मालावर ते लाल मेणखडूनं एक गोल काढायचे आणि त्यात आडवी रेघ मारायचे. तो मेणखडू त्यांच्या शर्टाच्या खिशातून घरी यायचा. बाजारातून आणलेल्या नारळावर, सुताराच्या पाटावर, एकदा तर माझ्या सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर मी तो लाल गोल बघितलाय. कान विलक्षण तिखट. भांड्याला गेलेला तडा ते दुसऱ्या खोलीतून ओळखायचे. नाक मात्र कामातून गेलेलं, कारण तपकीर.

चिक्कप्पांचं शिंप्याचं दुकान बाजारातच होतं. माणूस हसतमुख, भांडणाचा कंटाळा असलेला. मोल्डवरून महिनाभर धुसफूस झाली, आणि मग एके सकाळी आंघोळ करून आले नि म्हणाले, "सरी अण्णा, ठीक आहे. तू म्हणतोस तर कौलंच."

घरात आनंद व्हायला हवा होता. अप्पांचा चेहरा उतरला. इतक्या सहज हा कबूल कसा झाला, हेच त्यांच्या डोक्यात बसलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, पीयूसीला, म्हणजे बारावीला होते आणि त्या दिवसांत अभ्यासासाठी घरीच असायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मेस्त्रीवर नजर ठेव. थोडं थांबून म्हणाले, चिक्कप्पांवरही. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. उलट मोठी झाल्यासारखं वाटलं, आणि आज ते आठवलं की लाज वाटते.

दोनच दिवसांत मी बातमी आणली. चिक्कप्पा गळ्यातली टेप घेऊन मागच्या अंगणात भिंती मापत होते, आणि वहीत काहीतरी टिपत होते. अप्पांनी डोळे बारीक केले. जिन्याची जागा बघतोय, म्हणाले. पुढच्या आठवड्यात चिक्कप्पांनी दुकानातून एक भलीमोठी हिरवी ताडपत्री आणली. छप्पर उघडं असताना घर झाकायला त्यांनी ती स्वतः मशीनवर जोडून शिवली होती, आमच्या घराच्या मापानं, चिंचेच्या फांदीसाठी एक कोपरा कापून. वहीत टिपलेलं माप या ताडपत्रीचंच होतं. अप्पांनी तिची शिवण अन् शिवण उलटीपालटी करून बघितली. दोष सापडेना, तसे ते जास्तच बेचैन झाले.

कौलं उतरवायच्या दिवशी आईनं आढ्याखाली नारळ फोडला, वाशाला हळदकुंकू लावलं, आणि मुनियप्पा मेस्त्रीनं पहिलं कौल काढून अप्पांच्या हातात दिलं. मग धूळ सुरू झाली. पन्नास वर्षांची धूळ, काजळीची, चिमण्यांच्या घरट्यांची, सुक्या चिंचपानांची. तिचा वास मला अजून नेमका आठवतो, जुन्या गोणपाटाचा आणि थंड झालेल्या राखेचा. वरून हरवलेल्या वस्तू खाली यायला लागल्या. माझा पतंग, एक पितळी पळी, विटीदांडूची विटी, आणि आजोबांचा चष्मा, एका काचेचा. आजोबांचा चष्मा वाशावर कसा गेला हे कुणालाच सांगता येईना. आई आणि चिक्कम्मा ओट्यावर बसून तो एकमेकींच्या नाकावर ठेवून बघत होत्या आणि हसत होत्या. त्या दोघी इतक्या हसलेल्या मी नंतर कधी पाहिल्या नाहीत.

उघड्या घराचे ते दिवस मला फार आवडायचे. सकाळी ताडपत्री गुंडाळली की ज्या कोपऱ्यांत जन्मात ऊन पडलं नव्हतं तिथं ऊन यायचं. कपाटाच्या मागची भिंत किती हिरवट आहे ते दिसलं, देव्हाऱ्यातल्या मूर्तींवरचा काळपटपणा दिसला, आईच्या केसांतले पांढरे दिसले. आमच्याकडे काय शिजतंय ते सगळ्या गल्लीला कळायचं. घारी थेट स्वयंपाकघरावर घिरट्या घालायच्या. दुपारी ताडपत्री पुन्हा ओढली की घरभर हिरवा उजेड पसरायचा, आणि त्या उजेडात सगळे जण जरा आजारी आणि जरा सुंदर दिसायचे.

अंगणात अप्पांनी तपासणी मांडली. कारखान्यातून रजा घेतली होती. मंगळुरी कौलांना मागच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो, आमच्या कौलांवर मोर होता. अप्पा एकेक कौल कानाशी धरायचे, टिचकी मारायचे. खणखणीत वाजलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर लाल गोल, आडवी रेघ, डावीकडे. शंका असली तर त्यावर पाणी ओतून ठेवायचं आणि दुपारनंतर खालची बाजू ओलसर लागते का ते बघायचं. मुनियप्पा विडी ओढत बसायचा आणि म्हणायचा, स्वल्प कमी तपासा साहेब, नाहीतर घरावर एकच कौल चढेल. पहिल्या दोन दिवसांत फार थोडी नापास झाली. तिसऱ्या दिवशी चिक्कम्माचा एक भाऊ बेळगावहून कुंदा घेऊन भेटायला आला आणि उघड्या घराकडे बघत सहज म्हणाला, आता मोल्डच टाकायचा होता की. तो गेल्यावर अप्पांनी कुंद्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानाला एकही कौल पसंत पडेना. डावीकडचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला, आणि संध्याकाळी एक हातगाडीवाला तो सगळा भरावासाठी म्हणून उचलून घेऊन गेला.

मग लक्षात आलं की मागचा निम्मा उतार झाकायला कौलं उरली नाहीत. दुसऱ्या छापाची कौलं आणली तर ती आमच्या कौलांत बसेनात. प्रत्येक छापाची खाच वेगळी, ओठ वेगळा, एकात एक अडकतच नाही. मोर छापाचा कारखाना केव्हाच बंद झाला होता. अप्पा बाजारातली मोडतोडीची दुकानं पालथी घालून आले. सगळी कौलं नवी घ्यायची तर उरलेली सोन्यासारखी फुकट जाणार, आणि उघडं घर किती दिवस ठेवायचं? एका संध्याकाळी चिक्कप्पा हलकेच म्हणाले, की अजूनही मोल्ड करता येईल. अप्पांनी ताटावरून उठून हात धुतले. शेवटी चिक्कप्पाच म्हणाले, मी शोधतो. दुकान बंद ठेवून ते दोनदा बसनं होसकोट्याकडे जाऊन आले. आठवड्यानं टेम्पो दारात उभा राहिला. होसकोट्याला एक रेशमाची जुनी शेड पाडली होती म्हणाले, तिथली कौलं. मागे मोर.

अप्पांनी ती सगळी तपासली. होसकोट्याच्या शेडवर आपलाच मोर कसा, हे तीनदा विचारलं. मग कानाशी धरून टिचक्या मारत बसले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा सैल होत गेला. सात सोडून सगळी पास. "माल चांगला आहे," ते म्हणाले. चिक्कप्पांना उद्देशून अप्पांनी इतके चांगले शब्द वापरल्याचं मला त्या वर्षात दुसरं आठवत नाही.

मी कौलं मुनियप्पाकडे पोचवत होते. माझं नाक अप्पांसारखं नव्हतं. कौलांना रॉकेलचा वास येत होता, अगदी पुसट. सकाळी चिक्कम्मानं मला हाक मारून डोक्याला तेल लावलं होतं, तेव्हा तिच्या बोटांनाही हाच वास होता. मी एक कौल उलटं केलं, खाचेत नख घातलं. नखात लाल मेण आलं. दुसरं उलटं केलं, त्याच्या खाचेत अर्धवर्तुळ आणि रेघेचं एक टोक. अप्पांनी नापास केलेली कौलं अप्पांनीच पास केली होती.

मी तशीच दुकानात गेले. चिक्कप्पांनी मशीन थांबवलं, गिऱ्हाइकाला बाहेर बसवलं आणि काही लपवलं नाही. हातगाडीवाल्याला त्यांनीच थांबवून ढीग दुकानामागं उतरवून घेतला होता. होसकोट्याला खरंच गेले होते, दोन्ही वेळा. मोर मिळाला नाही. मग चिक्कम्मानं तीन दुपारी बसून रॉकेलच्या फडक्यानं एकेक कौल पुसलं.

"अण्णा त्या दिवशी कौलं ऐकत नव्हता गं," ते म्हणाले. "माझ्यावरचा राग ऐकत होता. कौलं चांगलीच आहेत. आज त्याच्याच कानानं पास केली की नाही?"

मी विचारलं, आणखी कुणाला ठाऊक आहे. ते म्हणाले, "मला, तुझ्या चिक्कम्माला आणि आता तुला. अण्णाला कळलं तर तो मला पुन्हा कधी भाऊ म्हणणार नाही. सांगशील?"

मी मान हलवली. नाही सांगणार. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

आढ्यावरचं शेवटचं कौल दोघा भावांनी मिळून बसवायचं अशी आमच्या घराची रीत. थोरल्यानं खालून द्यायचं, धाकट्यानं वर बसून चुन्यात दाबायचं. अप्पा शिडीवर चार पायऱ्या चढले, कौल वर केलं, आणि ते चिक्कप्पांनी घेतल्यावरही क्षणभर हात तसाच वर राहू दिला. खाली आले तेव्हा शर्टावर चुना सांडला होता. त्या दिवशी एका पंगतीला बसून सगळ्यांनी ओबट्टू, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ले. माझं मन भरून आलं होतं आणि भीतीही वाटत होती. हे सगळं एका खोट्यावर उभं आहे हे ठाऊक असून मला ते तसंच राहायला हवं होतं, आणि आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

ते दोन महिने टिकलं. रामनवमीच्या दुपारी गल्लीच्या टोकाला मांडव घातला होता. पानक आणि कोसंबरी वाटून झाली होती. सगळीकडे गूळ, वेलची आणि काकडीचा गार वास होता, आणि अचानक गारांचा पाऊस आला. आम्ही घरात पळालो. अप्पा, आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. मागच्या उतारातून एक थेंब पडला, मग दुसरा, अप्पांच्या पानकाच्या पेल्यात.

अप्पांनी वर बघितलं. शांतपणे म्हणाले, ही त्याची होसकोट्याची कौलं. तरी मी म्हणत होतो. मुद्दाम कच्चा माल आणला, छप्पर गळलं की मोल्ड टाकायला मोकळा. आई म्हणाली, असं कसं बोलता, दोनदा बसचे धक्के खात गेले होते बिचारे. अप्पा बोलतच राहिले. चिक्कम्मावर आले, तिच्या भावांवर आले, कुंद्यावर आले. माझ्यानं ऐकवेना. ज्या माणसानं आमच्यासाठी ताडपत्री शिवली त्याच्यावर हे आरोप, आणि माझ्याकडे तर त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. एकदा कळलं की अप्पा हसतील, स्वतःलाच हसतील, अशी माझी खात्री होती.

"ती होसकोट्याची नाहीत अप्पा," मी म्हटलं. "ती तुमचीच आहेत. तुम्ही नापास केलेली."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी मला सगळं नीट विचारून घेतलं, मेण, रॉकेल, दुकानामागचा ढीग, कारखान्यात मापं टिपून घ्यावीत तसं. मग म्हणाले, तू कुणाशी बोलू नकोस, तुझं नाव येणार नाही. त्यांनी तो शब्द पाळला. पाऊस थांबल्यावर अंगणात चिक्कप्पांना गाठून एवढंच म्हणाले, "माझ्या कानाला तू मूर्ख बनवलंस." चिक्कप्पांनी कुणी सांगितलं हे विचारलं नाही. ते मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून थोडा वेळ त्यांचा चढा आवाज येत होता. चिक्कम्माचा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुनियप्पा वर चढला. कौल फुटलेलं नव्हतंच, मांजराच्या जाण्यायेण्यानं सरकलं होतं, आणि ते होतं पहिल्या दिवशीच पास झालेल्यांपैकी. त्यानं ते पायानं जागेवर ढकललं आणि उतरला. अप्पांना मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण तोवर मागच्या खोलीत वेगळा स्टोव्ह पेटला होता. त्याची फरफर मधल्या भिंतीतून ऐकू यायची. जूनच्या आत चिक्कप्पा होसकोट्याला गेले. तिथं कौलं शोधत फिरताना त्यांना एक जागा दिसली होती. अप्पा म्हणायचे, बघ, तेव्हाच हेरून ठेवली होती. खरंच ठेवली असेल का? मला अजून सांगता येत नाही.

अप्पा असेपर्यंत ते छप्पर पुन्हा गळलं नाही. आता त्या जागी पाच मजल्यांची इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटायचे, एकमेकांच्या तब्येती विचारायचे. अप्पांच्या शेवटच्या आजारात चिक्कप्पा रोज होसकोट्याहून हॉस्पिटलात यायचे, पण तो विषय कुणी काढला नाही. मी कधी कबूल केलं नाही. मला वाटायचं, चिक्कप्पांना ठाऊकच असणार, आणि त्यांनी मला माफ केलं असणार. नाहीतर इतक्या मायेनं का वागतील?

गच्चीवर ठेकेदार नमुने गोळा करून निघून गेला. मी चिक्कप्पांना म्हटलं, लापशी नको आणि पत्राही नको, स्लॅबवर लोखंडी सांगाडा घालून कौलंच घाला. ते सरी म्हणाले. चिक्कम्मा चहा घेऊन वर आली, गुडघ्यांना जपत, एकेक पायरी.

"हिच्यासमोर काही ठरवू नको," चिक्कप्पा मला म्हणाले. "उद्या अख्ख्या होसकोट्याला कळेल. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा भिजला असता तर आपण आज इथं कशाला असतो?"

हसत म्हणाले. शंभरदा म्हणून झिजलेली थट्टा असावी तसं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी?

"कौलांचं गं. हिनंच नाही का अण्णाला सांगितलं?"

चिक्कम्मा चहा ओतत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि किंचित हलवली. गप्प राहा, एवढंच. तिच्या नजरेत राग नव्हता. इतकी वर्षं ती ही थट्टा ऐकत आली होती, आणि सुरुवातीची वर्षं ती थट्टा तरी कुठं असणार? अंगणातल्या त्या दुपारनंतर बंद दाराआड काय चाललं होतं ते मला आत्ता कळत होतं.

"चिक्कप्पा," मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. रामनवमीला. चिक्कम्मानं नाही."

चिक्कप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते चिक्कम्माकडे बघत होते. खालून एक बस गेली.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं नाही म्हटल्यावर दुसरं कोण राहिलं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सतरा वर्षांची पोर होती ती." चिक्कम्मानं रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले आणि उठताना कठड्याला धरलं. "आणि तुम्ही त्या दिवशी आत आलात ते 'तूच सांगितलंस' म्हणतच आलात. एकदा विचारायचं होतं की."